येते हं

टेबलाखालून बाहेर येत गुंड्या म्हणाला, “येते.”

शिकाऊ ताईच्या हातातला ठोकळा हातातच राहिला. इथे यायला लागल्यापासून ज्या तोंडातून हुंकारापलीकडे काही निघालं नव्हतं, त्यातून अख्खा शब्द पडला होता, तोही कुणी न विचारता. तिनं चटकन भिंतीतल्या काचेकडे पाहिलं. काचेत तिला तिचाच घामेजला चेहरा दिसला. पलीकडच्या अंधाऱ्या खोलीत बसलेल्या, तिला शिकवणाऱ्या बाईंना मात्र इकडचं सगळं दिसत होतं.

बाईंनी सकाळीच बजावून ठेवलं होतं. स्पीच थेरपीच्या शेवटच्या वर्षाला आलीस आणि एक स्वमग्न पोर तुला टेबलाशी बसवता येत नाही? आज तो तास संपेपर्यंत खोलीत टिकला नाही, तर उद्यापासून तो दुसऱ्या कुणाकडे. बाई आवाज कधी चढवत नसत, म्हणून त्यांचं बोलणं जास्त लागे. आणि बाहेर बाकावर गुंड्याची आई देव पाण्यात घालून बसलेली. दार उघडलं की ती तोंडानं काही विचारत नसे, नुसती बघे.

“ये, ये ना!” ताईनं दोन्ही हात पसरले.

गुंड्या मागे सरला. ताईला वाटलं, लाजला. तिनं खुर्ची पुढे ओढली, साबणाचे फुगे उडवले, आणि येते काय रे राजा, मुलगा ना तू, येतो म्हणायचं, हेही लगे हात शिकवून झालं. फुगे त्याच्या केसांवर फुटले, त्यानं वर बघितलंसुद्धा नाही. “येते, येते,” तो घाईघाईनं म्हणाला. “हो, हो, ये की,” ती म्हणाली. तो येते म्हणे, ती ये म्हणे, आणि दोघांमधलं अंतर काही केल्या वाढतच जाई. हाती आलेला शब्द निसटतोय या धास्तीनं तिनं त्याचा दंड धरला. तशी त्यानं स्वतःचंच मनगट कडकडून चावलं.

तिनं हात सोडला. काचेमागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तास अजून बराच उरला होता.

गुंड्या दाराशी गेला. कपाळ दाराला टेकवून, मागे वळूनही न बघता म्हणाला, “येते हं.”

शेपटीला तो लहानसा हं. तो ऐकला आणि ताईच्या अंगावर सर्रकन काटा आला. सकाळी चपला पायात सरकवता सरकवता अगदी असाच हं तिनं स्वयंपाकघराच्या दिशेनं टाकला होता. घरातून निघणारं माणूस जाते कधी म्हणत नाही. येते म्हणतं, आणि जातं. एवढंसं पोर मघापासून थोरामोठ्यांच्या रीतीनं निरोप घेत होतं, आणि ती त्याला ओढून ओढून आत बसवत होती.

दाराची कडी मुलांचे हात पोचू नयेत म्हणून उंचावर बसवलेली. ती काढली की हे मूल उद्यापासून आपलं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नाही काढली, तर? बोलूनही दार उघडत नाही हे त्याला आज कळलं, तर तो पुन्हा तोंड उघडेल कशाला? देवानं इतक्या उशिरानं धाडलेला शब्द, तो उंबऱ्यावरूनच माघारी जायचा.

“बरं, ये हं,” ती म्हणाली, आणि कडी काढली.

गुंड्या बाहेर गेला, आईला ओलांडून पार खिडकीपर्यंत, आणि गार गजांना गाल लावून उभा राहिला. आई धडपडत उठली. इतक्यात कसा सुटला, काही केलं का त्यानं, असं तिच्या तोंडून अर्धंमुर्धं निघालं. बोलला तो, एवढंच ताईनं सांगितलं.

आईनं बाकाची कड धरली. “आई म्हणाला?”

खोटं बोलायला फार सोपं होतं. “येते म्हणाला,” ताई म्हणाली. “त्याला जायचं होतं.”

आई खाली बसली. मग पुटपुटल्यासारखं सांगायला लागली, की पाळणाघराच्या दारात रोज तीच तसं म्हणते. हा भिंतीकडे तोंड करून बसलेला असतो. ऐकतोय असं कधी वाटलं नाही, पण लेकराला न सांगता निघायचं तरी कसं? बोलता बोलता तिला एकदम हसू फुटलं. “आणि बोलतोय तेही मेला बायकी,” ती म्हणाली, आणि डोळ्यांना रुमाल लावला.

काचेमागच्या खोलीचं दार उघडलं. बाई बाहेर आल्या. त्यांनी खिडकीशी उभ्या पोराकडे पाहिलं, मग ताईकडे.

“अर्ध्यातच सोडलंस त्याला. आता पुन्हा या खोलीत पाऊल टाकेल तो?”



“तसं सांगून गेलाय, बाई.”