तिसरं पेडल

क्लचचं पेडल तेवढं बसवायचं राहिलं होतं. व्हॅनच्या पोटातला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स निघून खालापूरच्या त्या गॅरेजच्या कोपऱ्यात गोणपाटावर पडला होता आणि त्याच्या जागी कुर्ल्याच्या भंगारातून आणलेला, हाताने गिअर टाकायचा बॉक्स चढला होता. मोहियुद्दीन मेकॅनिक स्टिअरिंगखाली पाठीवर पडून बोल्ट आवळत होता. हिरामण दारात जुन्या टायरवर बसून ते बघत होता. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली प्लास्टिकचा होता.

ही फोर-व्हील-ड्राइव्ह डिझेल व्हॅन नऊ वर्षं हिरामणच चालवत होता. कर्जत स्टेशनवरून पाहुणे उचलायचे आणि चिखलातून, ओढ्यातून डोंगराखालच्या आपल्या कॅम्पवर नेऊन सोडायचे. गाडीला दोनच पेडलं, दोन्ही उजव्या पायाची. म्हणून तर मोहियुद्दीनने ती मुंबईच्या एका लिलावातून त्याच्यासाठी हुडकून आणली होती.

हिरामणचा मुलगा जितेश फोनवर बोट फिरवत गॅरेजात येरझाऱ्या घालत होता. गिअरबॉक्स बदलायचं डोकं त्याचं. कारणंही त्याच्याकडे भरपूर होती, आणि कुणी विचारलं नाही तरी तो ती सांगत होता.

"ॲव्हरेज वाढंल, बाबा. लिटरला दोन किलोमीटर तरी."

हिरामणने काठी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.

"आनि बॅटरी बसली तर धक्का मारून चालू करता येल. ऑटोमॅटिकला ते जमत नाय."

"नाय जमत," हिरामण म्हणाला.

खरं कारण जितेशच्या हातातल्या फोनमध्ये होतं. मागच्या महिन्यात एका पाहुणीने कॅम्पबद्दल लिहिलं होतं: जागा सुंदर, भाकरी गरम, पण ड्रायव्हरचा एक पाय खोटा आहे, चढावर आम्ही जीव मुठीत धरून बसलो. एकोणीस जणांना ते पटलं होतं. नऊ वर्षांत गाडीला ओरखडा नाही, हे मात्र कुणाला लिहावंसं वाटलं नव्हतं. ही माणसं गाडी चालवणाऱ्याचं नावसुद्धा विचारत नसत. "ड्रायव्हर, एसी वाढवा," एवढीच काय ती ओळख. असल्यांच्या दोन ओळी वाचून जितेशने बापाला गाडीवरून उतरवायचं ठरवलं, आणि तेही तोंडाने नाही. समोर उभं राहून 'बाबा, आता तुमी चालवू नका' म्हणायला छाती लागते. ती नव्हती, म्हणून गड्याने गिअरबॉक्सच्या खांद्यावर बंदूक ठेवली.

मोहियुद्दीनने पहिल्याच दिवशी त्याला विचारलं होतं, "बापाला सांगितलंस का रं?"

"सांगतो की, चाचा."

त्याला सहा दिवस झाले. मोहियुद्दीनही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. दोस्ती तीस वर्षांची, पण काम घेतलंच, आणि तोंडात मिठाची गुळणी धरून ते पूर्णही केलं.

हिरामणला कळायचं काय राहिलं होतं? पाय होता तोवर त्याने वीस वर्षं ट्रक हाकला होता. क्लच कुठल्या पायाने दाबतात हे पोराने त्याला शिकवायला नको होतं. तो रोज सकाळी येऊन त्या टायरवर बसायचा. पोरगा आज बोलेल, नाहीतर उद्या तरी बोलेल. पोरगा ॲव्हरेजवर बोलत राहिला.

मोहियुद्दीन सरपटत बाहेर आला आणि चिंधीला हात पुसत उभा राहिला. हिरामणकडे बघायचं त्याने टाळलं.

"झालं. कोन बघतं चालवून?"

जितेशने फोन खिशात टाकला. मग म्हणाला, "मीच बघतो."

तो गाडी शिकला होता ती याच व्हॅनवर, बापाच्या शेजारी बसून. डाव्या पायाला काही काम असतं हे त्याने नुसतं ऐकलं होतं. व्हॅनने जागच्या जागी उडी मारली आणि बंद पडली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा ती हात-दोन हात मागे घसरली आणि भिंतीला टेकवलेला बंपर आडवा झाला.

"बाबा, जरा बाजूला येऊन बसा ना," जितेश खिडकीतून म्हणाला. "तुमी सांगा, तसं मी करतो. चार दिवसांत हात बसंल."

हिरामण काठी टेकत उठला आणि खिडकीशी आला.

"चावी मागितली असतीस तर दिली असती," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "एक वाक्य होतं रं, जितेश. तेवढ्यासाठी चांगल्या गाडीचं पोट फाडलंस."

"तसं नाय, बाबा. ॲव्हरेज..."

हिरामण पुढे ऐकायला थांबला नाही. शेजारच्या सीटचं दार त्याने उघडलंच नाही. त्याने मागचं सरकतं दार ओढलं, प्लास्टिकचा पाय हाताने उचलून आत ठेवला आणि मधल्या सीटवर, जिथे पाहुणे बसतात तिथे, जाऊन बसला. काठी मांडीवर आडवी ठेवली.

जितेशने घाईघाईने चावी फिरवली. स्टार्टर दोनदा कण्हला आणि गप्प झाला. सहा दिवस उभ्या गाडीची बॅटरी, वर हे उडी मारणं. बसली.

मोहियुद्दीन खालमानेने मागे गेला आणि धक्का द्यायला वाकला.

जितेशने आरशात पाहिलं. बाप खिडकीबाहेर बघत होता.

"ड्रायव्हर," हिरामण म्हणाला, "एसी वाढवा."