इसाराचं कलम

"यात इसाराचं कलम कुठंय?" गफारनं तिसऱ्यांदा विचारलं.

"अब्बा, टर्मशीट म्हणजे गुंतवणुकीच्या अटींचा कागद, त्यात इसार नसतो," लॅपटॉपवरची नजर न हलवता मिनाज म्हणाली.

"मग सौदा पक्का कसा व्हतो? घेणाऱ्यानं समोरच्याच्या तळहातावर इसार ठेवला की झालं. सारी उमर परांड्याच्या बाजारात शेळ्या घेतल्या-इकल्या, पर म्या कधी कागूद बघितला न्हाय."

"म्हणूनच मी बघतेय."

मिनाजला कागदानं एकदा चांगलीच अद्दल घडवली होती. पुण्यात तिनं एक कंपनी काढली होती आणि पैसे मिळतायत या आनंदात असल्याच कागदावर न वाचता सही ठोकली होती. पुढं तिच्याच कंपनीच्या दारातून तिला बाहेर काढलं गेलं. ते आठवलं की अजून तिचा जीव जळायचा.

आजचा दिवस मात्र मजेचा होता. अंगणातल्या शेळ्यांच्या कानात पिवळे बिल्ले चमकत होते. शेळीला ताप चढू लागला की बिल्ल्यातून फोनवर निरोप यायचा. मागं साथ आली तेव्हा या बिल्ल्यांनी गफारचा अख्खा कळप वाचवला होता. आता बिल्ल्यांचा कारखाना उभा करायचा होता. गुंतवणूक तोंडी ठरली होती आणि जळकोटची आरोही दुपारी सही करायला येणार होती. बाजारातले बारा व्यापारी सकाळपासूनच इस्त्रीचे कपडे घालून अंगणात बसले होते. मिनाजच्या आईनं, सायराबीनं, चहाचं आणखी एक पातेलं चढवलं होतं. "लगीन हाय की सही?" ती आतून ओरडली.

पुण्याच्या वकिलानं पाठवलेला मसुदा मिनाजनं एआयला दिला आणि प्रत्येक कलम गुंतवणुकीच्या नेहमीच्या रीतीशी ताडून दाखवायला सांगितलं. कोणाच्या बाजूनं वाचू, असं एआयनं आधी विचारलं.

"जिनं कंपनी उभी केली, तिच्या बाजूनं," मिनाजनं लिहिलं.

उत्तर भराभर आलं. बरीचशी कलमं रीतीला धरून होती. तीन नव्हती.

"अब्बा, ऐका. कंपनी विकली तर गुंतवणूकदारानं आधी तिप्पट पैसे काढून घ्यायचे आणि उरलेल्यात पुन्हा वाटा मागायचा. एआय म्हणतंय, सहसा एकपट असतं, आणि वर पुन्हा वाटा नसतो."

"ही तर लूट झाली!"

"संचालक मंडळात पाचातले तिघं गुंतवणूकदाराचे. इतक्या लहान कंपनीत सहसा कारभार कंपनी काढणाऱ्याच्या हाती राहतो. आणि तिसरं..." मिनाजचं बोट त्या ओळीवर थांबलं. "कंपनी काढणाऱ्याला कधीही, कारण न देता काढता येईल आणि त्याचे सगळे शेअर जप्त."

पुण्याहून परतलेली मिनाज कितीतरी दिवस कशी गप्प बसून असायची, ते गफारनं पाहिलं होतं. त्याचा हात नुसता खिशातल्या रुमालाशी चाळा करत राहिला.

हे सगळं वकिलाकडून पडताळून घ्या, असं एआयनं शेवटी बजावलं होतं. मिनाजनं लगेच फोन लावला.

"मॅडम, सुरुवातीला असंच टाकायची पद्धत असते," वकील हसत म्हणाला. "घासाघीस झाली की सुटतं."

"घासाघीस नको. तिन्ही कलमं रीतीप्रमाणं करा. आत्ताच."

"बरं. तुम्ही म्हणताय तर करतो."

वकील इतक्या लवकर ऐकेल असं गफारला वाटलं नव्हतं. "पर आरोहीबाई काय म्हणतील?" त्यानं विचारलं.

"ते ती आल्यावर कळेल," मिनाज म्हणाली.

दुपारी दारात गाडी थांबली. आरोही वयानं लहान, पण नजर नेमकी. आत येता येता तिनं एका शेळीच्या कानातला बिल्ला सरळ केला. चहाला मात्र हात लावला नाही.

"तुमच्या वकिलांनी सांगितलं, मसुदा बदललाय," ती कोरडेपणानं म्हणाली. "काय बदललंय?"

"तीन कलमं. सावकाश वाचा, घाई नाही."

आरोही वाचू लागली. पहिल्या कलमाशी तिच्या भुवया वर गेल्या. दुसरं तिनं परत मागं जाऊन वाचलं. तिसऱ्याशी ती थांबली ती थांबलीच.

"हे तुम्ही स्वतःहून बदललंत?"

"हो."

आरोहीनं चष्मा काढला, ओढणीनं पुसला, परत घातला. मग पेन उचललं आणि प्रत्येक पानावर सही केली. अंगणात एकच जल्लोष झाला. सायराबी पेढे घेऊन धावली. शेळ्यासुद्धा ओरडायला लागल्या.

"थांबा, थांबा! इसार राह्यला!" गफारनं सगळ्यांना गप्प केलं. खिशातला रुमाल सोडला, त्यातली कोरी नोट काढली आणि आरोहीचा हात ओढून तिच्या तळहातावर ठेवली. "धर पोरी. आमा समद्या व्यापाऱ्यांचा पैसा आता तुझ्या बिल्ल्यांच्या कंपनीत. कंपनी मात्र तुझीच."