प्रसादानं काही होत नसतं

सत्यनारायणाच्या शिऱ्याचा द्रोण गुरुजींनी नव्या सुनेपुढे धरला. ऋजुतानं हात जोडले.

“गुरुजी, मला सीलिएक आहे. रव्यातला गहू कणभर जरी पोटात गेला, तरी आतडी सुजतात.”

“अगं, प्रसादानं कुणाला काही होत नसतं!”

सासूबाईंनी तो द्रोण गुरुजींकडेच वळवला. “मग साखर वाढते म्हणून तुम्ही का टाळता? घ्या, संपवा!”

गुरुजींनी घाईघाईनं ऋजुताच्या हातावर केळं ठेवलं आणि आरतीचं तबक आवरायला घेतलं.

नंतर स्वयंपाकघरात सासूबाईंनी माळ्यावरून कोरी कढई काढली. “मला अजून हे नखरेच वाटतात. पण तुला बोलायचं तर मी बोलेन, बाहेरच्यांनी नाही. ही कढई तुझी. हिला गव्हाचा वाससुद्धा लागू द्यायचा नाही.”