गौरीचं पहिलं विमान

वंदना पहिल्यांदाच लेकराला घेऊन विमानात बसणार होती, म्हणून शहागडला तिच्या माहेरी सकाळपासून वहिनीची, सुरेखाची, धावपळ चालली होती. डायपर, जास्तीचे दोन फ्रॉक आणि मऊ खिचडीचा डबा तिनं हाताशी राहील अशा पिशवीत भरून ठेवला.

"वहिनी, विमान वर जाताना हिचे कान दुखले तं?" वंदनानं घाबरून विचारलं.

"तवा बाटली तोंडात द्या, ताई. गिळत राह्यली की दुखत न्हाईत, डॉक्टरनं सांगितलंय."

"अन् रडायची थांबलीच न्हाई तं?"

"उभी धरा अन् पाठीवर हळूहळू थोपटा. मंग खांद्यावर मान टाकती."

सांगताना सुरेखाचा आवाज कुठंच हलला नाही.

बेंगळुरूचं विमान संभाजीनगरहून होतं, त्यामुळं जेवणं उरकताच गाडी दारात आली. वंदना गौरीला मांडीवर घेऊन मागं बसली. दार लागलं तशी सव्वा वर्षाची गौरी दोन्ही हात सुरेखाकडं करून "आई, आई" म्हणून रडायला लागली.

सासूनं, तुळजाबाईनं, सुरेखाच्या पाठीवर हात ठेवला. "तुला अजून दोन हायेत, बाई. माझ्या वंदीला कोण हाय?"

 

 

सुरेखा खिडकीपाशी वाकली अन् म्हणाली, "आई न्हाई बाळा, मामी म्हण. मामीला टाटा कर."