जिन्यातला डाग

कला अमर असते, असं आमचे साहेब म्हणतात. फक्त तिला बुरशी लागते आणि ती पुसायला मी असतो. एका जुन्या कृष्णधवल रहस्यपटाची घरी बघायची डिस्क काढायची, म्हणून अकरा महिने मी त्याची एकेक फ्रेम पुसली. डिस्क बाजारात आली आणि काठी टेकत एक आजोबा स्टुडिओत हजर झाले.

“खुनाच्या वेळी जिन्यातल्या भिंतीवर काळा डाग दिसायचा. तो कुठे गेला?”

“काढला ना! पाठ मोडली त्यापायी.”

“अहो, ती माझी सावली होती. सिनेमात तेवढंच काम माझं.” ते खुर्चीत बसले. “बायकोला पन्नास वर्षं सांगतोय. काल तिनं चष्मा पुसून दोनदा पाहिला.”

मी संगणकावर तो जिना लावून पाहिला; भिंत लख्ख होती.

“एक करा. तो डाग मीच होतो, एवढं शिक्क्यानिशी लिहून द्या.”