बार्नबी टेरेसवरचं फुटलेलं घर

"ही जागा माझी आहे," ट्रेव्हर म्हणाला आणि कचऱ्याचा चाकांचा डबा ढकलत त्याने तो निळ्या गाडीच्या पुढ्यात आणून उभा केला.

गाडीतल्या माणसाच्या शेजारच्या सीटवर फुलं होती. "रस्ता काय विकत घेतलाय का, आजोबा? बायको वॉर्डात आहे माझी. जाऊन लगेच येतो."

"मग बसने यायचं होतंस!"

माणूस शिवी हासडून निघून गेला. बार्नबी टेरेस नावाच्या त्या रस्त्यावर हे रोजचंच होतं. इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या त्या शहराचं मोठं हॉस्पिटल कोपऱ्यावरच. त्याचा वाहनतळ सकाळीच भरून जायचा आणि मग पेशंटचे नातेवाईक, शिकाऊ डॉक्टर, सगळे या चिंचोळ्या रस्त्यात घुसायचे. ट्रेव्हर हॅडली दूध आणायला गेला की त्याची जागा गेलीच समजा. ज्या घरात जन्मलो त्याच्या दाराशी गाडी लावायला टपून बसावं लागतं, याने त्याचं डोकं तापायचं. ते थंड असलेलं कुणी पाहिलं नव्हतं, हेही खरंच.

अखेर काऊन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, रहिवाशांना विचारलं. परवाना असेल त्याचीच गाडी रस्त्यावर, हवं का तुम्हाला? परवान्याला दरवर्षी फी. घरटी एक मत, तेही काऊन्सिलच्या वेबसाइटवर. निम्म्याहून जास्त घरं 'हो' म्हणाली तरच परवाने.

ट्रेव्हरने दारोदार फिरून माणसं जोडली. ज्यांच्याकडे गाडीच नाही ते 'नाही' म्हणणार, हे उघड होतं. बाकीच्यांनी शब्द दिला, आणि ते निम्म्याहून जास्त होते. शेजारची शायनी वर्गीसही "हो" म्हणाली. ती केरळची, त्याच हॉस्पिटलात नर्स.

चर्चच्या हॉलमधल्या सभेत ट्रेव्हरला चेव चढला. "परवाने आले नाहीत तर घर विकून चालता होईन! हा ट्रेव्हर हॅडलीचा शब्द आहे."

"मग माझं मत 'नाही'ला!" मागून कुणीतरी ओरडलं आणि हॉल हसून हसून लोळला. ट्रेव्हरची बायको ग्लेनिस मागच्या खोलीत कप विसळत होती. ती मूळची ब्रिडलिंग्टनची, समुद्राकाठची. हा रस्ता तिला कधी रुचला नाही, पण तसं म्हणायचं तिने केव्हाच सोडून दिलं होतं.

"भलतंच बोलून बसलास," घरी आल्यावर ती म्हणाली.

"हरणार कोण आहे? आपलं मत टाकलंस का?" कॉम्प्युटरची कामं तिच्याकडेच असायची. ट्रेव्हरला त्या यंत्राचा तिटकारा होता.

"आत्ता टाकते," ती म्हणाली आणि तिने कॉम्प्युटर चालू केला.

निकाल लागला. निम्मी घरं 'हो', निम्मी 'नाही'. एक मत तिकडचं इकडे झालं असतं तर ट्रेव्हर जिंकला असता.

"कुणीतरी फुटलं!" तो टेबलावर मूठ आपटून म्हणाला. "शब्द देऊन फिरलं. आणि कोण, ते मला ठाऊक आहे."

तो तडक शेजारी गेला. शायनी नुकतीच ड्यूटीवरून आली होती, अंगातला कोटही काढला नव्हता.

"हॉस्पिटलवाल्यांना जागा हवी ना फुकट? तू मला तोंडावर 'हो' म्हणालीस आणि पाठीत सुरी खुपसलीस!"

"मिस्टर हॅडली, मी 'हो'च म्हटलं होतं. मलाही गाडी लांब लावून पायपीट करावी लागते. मी कशाला 'नाही' म्हणू?"

"खोटारडी! जिथून आलीस तिथे चालतात असले धंदे, इथे नाही."

तिने दार लावून घेतलं. पण ट्रेव्हरने रस्ताभर डांगोरा पिटला. लोकांना दोष द्यायला आयतं कुणीतरी हवंच होतं. तिच्या काचेवर अंडी फुटली. तिच्या मुलीला वाढदिवसाची बोलावणी येईनाशी झाली. त्या बाईने कुणाचं काय घोडं मारलं होतं? पण विचारतो कोण.

इकडे ट्रेव्हरचा फुगा हळूहळू खाली येत होता. एका सकाळी तो टोस्ट चिवडत म्हणाला, "बोलण्याच्या भरात बोलतो माणूस. कोण लक्षात ठेवतंय? राहू या इथेच. या घरात बाबा गेले, मीही इथेच जाईन म्हणतो."

ग्लेनिसने चहा ओतायचा थांबवला. "सगळ्यांदेखत शब्द दिलायस तू. आता फिरलास तर पहिली कोण हसेल? ती पलीकडची शायनी."

ट्रेव्हरचे कान लाल झाले. त्याच आठवड्यात दाराबाहेर 'विकणे आहे'ची पाटी लागली.

ब्रिडलिंग्टनला न्यायचं सामान भरलं गेलं त्या दिवशी ट्रेव्हर रिकाम्या खोल्यांतून फिरून आला, भिंतीला हात लावला आणि गाडीत जाऊन बसला. त्याचे डोळे लाल होते. ग्लेनिस दाराला कुलूप घालत होती, तेवढ्यात शायनी कुंपणापाशी आली. हातात केकचा डबा होता.

"प्रवासात खा," ती म्हणाली. "जाताना एकच सांगते, ग्लेनिस. मी 'हो'च म्हटलं होतं. इथे कुणालाच ते पटत नाही. निदान तुम्ही तरी विश्वास ठेवा."

ग्लेनिसने डबा घेतला. गाडीच्या काचा वर आहेत ना, हे एकदा वळून पाहिलं.

"ठेवते ना," ती हळूच म्हणाली. "आमच्या घरचं मत मी 'नाही'ला टाकलं होतं."