बाबांचं गवत

बाबांनी हिरव्या रंगाचा फटकारा थेट बदकाच्या पिल्लाच्या अंगावरून ओढला आणि पिल्लाला काही म्हणजे काही झालं नाही. रंग चोचीपाशी थांबला आणि शेपटीच्या पलीकडून पुन्हा सुरू झाला. चार महिने रोज हेच बघूनही बाबा गालातल्या गालात हसले.

"बेटं जागचं हलतसुद्धा नाही."

"त्याच्यावर स्टेन्सिल आहे, बाबा. तुम्ही बिनधास्त मारा," लेक म्हणाली.

लेक मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची, तीही संगणकावर. बदक, बेडूक, कोल्हा, जे जपायचं असेल त्याच्या कडेकडेने पेन फिरवून ती त्यावर झाकण घालायची. झाकलेला भाग पडद्यावर फिकट तांबूस दिसायचा. मग वरून बादलीभर रंग ओता, त्याखाली थेंब शिरायचा नाही. बाबांना हे समजावून सांगावं लागलं नव्हतं. त्यांचा उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेला होता. पत्र्यातून अक्षरं कापताना 'ठ'चं पोट गळून पडू नये म्हणून मध्ये केवढी काडी सोडायची, हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं. पट्टी न लावता सरळ रेघ मारणारा माणूस, अशी बाजारात त्यांची ख्याती.

मग त्यांचा हात थरथरायला लागला. आधी कपातला चहा हिंदकळायचा, पुढे सहीसुद्धा नागमोडी यायला लागली. एक दिवस त्यांनी सगळे ब्रश धुतले, कागदात गुंडाळले आणि माळ्यावर टाकले. त्यानंतर ते खिडकीत बसून राहायचे. "हाताला काहीतरी काम द्या," डॉक्टर म्हणाले. म्हणून लेकीने आपलं पेन त्यांच्या हाती दिलं. प्राणी स्टेन्सिलखाली, मागचं गवत बाबांचं. रोज अकराला ते तिच्या खोलीत येत, तासभर गवत रंगवत आणि पाळी संपवून सुटल्यासारखे जेवायला जात.

ते गेले, की लेक त्यांचं गवत पुसून टाकायची.

पुसावंच लागे. पाती कुठे जाडीभरडी, कुठे मध्येच तुटलेली, कुठे एकमेकांच्या अंगावर चढलेली. असं गवत प्रकाशकाला दाखवायची सोय नव्हती. बाबांचा रंग वेगळ्या थरावर असायचा, तो एका बोटासरशी उडायचा. मग ती तिथे स्वतःचं नेटकं गवत काढायची. पण ते बोट दाबण्याआधी दर वेळी ती दाराकडे बघून घ्यायची.

आज पुस्तकाचं शेवटचं पान होतं आणि ते संध्याकाळच्या आत पाठवायचं होतं. बाबा उठून गेले. तिने घाईघाईने थर उडवला, तेवढ्यात मागून आवाज आला.

"चष्मा राहिला माझा."

बाबा दारात उभे होते. पडद्यावर पिल्लू पांढऱ्याशुभ्र जागेत एकटंच उभं. लेकीचे कान तापले.

"बाबा, ते परत आणता येतं. थांबा, आत्ता आणते."

तिने खरोखरच गवत परत आणलं. बाबांनी चष्मा चढवला, पुढे वाकले आणि गिऱ्हाइकाची पाटी तपासावी तसं त्या गवताकडे बराच वेळ पाहिलं.

"पूस," ते म्हणाले. "लोकांचं काम आहे. तुझ्या जागी मी असतो तर मीही ठेवलं नसतं. मी तरी कुठे ठेवलं? तू चार वर्षांची होतीस. मी अक्षरांवर कागद चिकटवायचो आणि उरलेली पाटी रंगवायला तुझ्यापुढे सरकवायचो. दुपारी तू झोपलीस, की रॉकेलच्या फडक्याने सगळं साफ. तुझी आई रागवायची. म्हणायची, पोरीच्या मेहनतीवर पाणी काय फिरवता? मी म्हणायचो, पाणी नाही गं, रॉकेल."

लेक हसली. हसता हसता तिने डोळे पुसले. मग तिने गवतही पुसलं, नवं काढलं, आणि पान वेळेत रवाना झालं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला बाबा पुन्हा हजर.

"बाबा, पुस्तक झालं. आज रंगवायला पान नाही."

"मग कोरं दे."

तिने कोरं पान उघडलं. झाकून ठेवावं असं त्यात काहीच नव्हतं. बाबा डावीकडच्या कोपऱ्यातून गवत काढू लागले. ती शेजारी बसून बघत राहिली. शेवटी तिला राहवलं नाही.

"मी पुसते हे तुम्हाला काल कळलं ना?"

"काल कशाला, दुसऱ्याच दिवशी कळलं. आदल्या दिवशीच्या बेडकामागे सगळी पाती शाळेच्या रांगेत उभी. माझ्या हातचं गवत मला ओळखू येणार नाही होय?"

"मग चार महिने रंगवत कशाला राहिलात?"

बाबांनी हातातलं पातं सावकाश पूर्ण केलं.

"तू दिवसभर दार लावून काम करतेस. पेन माझ्या हातात असलं, की तासभर तरी माझ्याजवळ बसतेस."